इमारत शिकायला गेला अन् कपडे शिवायला लागला! पॅरिसच्या पिएर बाल्मां यांची गोष्ट

आज २९ जून. पेरणीची घाई आहे. कुणाच्या रानात चाड्यावर मूठ धरलीय, कुणी अजून आभाळाकडं बघतंय. पण याच दिवसांत घरोघरी अजून एक पेरणी चालू असते. दहावी-बारावी झालेल्या पोरापोरींना कुठं घालायचं? कोणती लाईन? फी किती? पुढं नोकरी लागणार का? पारावर बसा, एसटीत बसा, विषय हाच.

आमच्या भावकीतल्या एका पोराचं आधी सांगतो, म्हणजे आजची गोष्ट का लिहितोय ते कळंल. पोरगं सिव्हिल डिप्लोमाला होतं. दुसऱ्या वर्षात त्यानं कॉलेज सोडलं. काही फीची ओढाताण, काही मनाची. आणि बसायला लागलं कुठं, तर स्टँडमागं एका टेलरच्या दुकानात. बापानं तीन महिने पोराशी बोलणं टाकलं. इंजिनिअर होणार म्हणून गावभर सांगितलेलं, आता सुई-दोरा कसा सांगायचा? भावकीत सगळ्यांचं एकच म्हणणं, दोन वर्षं अन् पैसा, दोन्ही पाण्यात गेलं.

मी एकदा त्या पोराला सहज विचारलं, की बाबा, ते ड्रॉइंग शिकलास त्याचा काही उपयोग? त्यानं सांगितलं, उपयोग रोजच होतो. कापड टेबलावर पसरलं की त्याला सपाट कापड दिसत नाही, अंगावर चढलेला कपडा दिसतो. मला ते पटलं पण पुरतं कळलं नाही. मग मोबाईलवर, पुस्तकांत शोधत गेलो, तेव्हा या माणसाचा पत्ता लागला. पिएर बाल्मां. फ्रान्स देशातला जगप्रसिद्ध कपडेवाला. आजच्याच तारखेला, २९ जून १९८२ ला, पॅरिसजवळ वारला. हा गडीसुद्धा इमारतीचं शिक्षण अर्ध्यात सोडून कपड्यात आलेला. त्याचीच ही हकीकत.

बापाविना पोर, आईचं दुकान

पिएर यांचा जन्म १८ मे १९१४ चा. गाव सॅं झां द मोरिएन. फ्रान्सच्या साव्हुआ भागात आल्प्स डोंगराच्या खोऱ्यातलं हे गाव. आपल्याकडं सह्याद्रीच्या कुशीत गावं असतात तसं, फक्त तिकडं बर्फ पडतो. जन्म झाला अन् दोन-अडीच महिन्यांत पहिलं महायुद्ध पेटलं.

बापाचा कापडाचा घाऊक धंदा होता. म्हणजे घरात ठाणं, गठ्ठे, मापं यांची सवय पहिल्यापासून. पण पिएर सात वर्षांचा असताना बाप गेला. पुढं आईनंच सगळं रेटलं. फ्रान्स्वाझ तिचं नाव. बहिणींना बरोबर घेऊन ती बायकांच्या कपड्यांचं दुकान चालवायची. आपल्या गावात नवरा गेल्यावर बाई शिलाई मशीन घेऊन उभी राहते अन् पोरं शिकवते, अशा किती आयाबहिणी आपण बघतो. तशीच ही माऊली. पोरगं दुकानातच खेळलं, वाढलं. कापडाच्या तुकड्यांशी त्याची ओळख तिथंच झाली.

पुढं शाळेला तो शांबेरी या गावी गेला. सुट्टीच्या दिवशी मामा-काकांच्या वळणाच्या एका नातेवाइकाकडं एक्स-ले-बॅं या गावी जायचा. आपल्याकडं वज्रेश्वरीला गरम पाण्याची कुंडं आहेत ना, तसं हे गरम झऱ्यांचं गाव. पण तिथं यायची ती युरोपातली बडी मंडळी. उन्हाळ्यात राजघराण्यातल्या, सावकारांच्या बायका भारी भारी कपडे घालून फिरायच्या. खेड्यातल्या या पोरानं ते डोळे भरून बघितलं. कापड आईच्या दुकानात बघितलं होतं. ते अंगावर चढल्यावर काय होतं, ते इथं कळलं.

पॅरिसचं कॉलेज

आता पोरगं हुशार होतं, हातात चित्रकला होती. पण विधवेच्या एकुलत्या आधारानं कपड्याची चित्रं काढत बसणं घरच्यांना कसं परवडायचं? प्रतिष्ठेचं शिक्षण पाहिजे. मग १९३३ साली पिएर पॅरिसला गेला आणि एकोल दे बोझार या संस्थेत वास्तुशास्त्राला, म्हणजे आर्किटेक्चरला लागला. ही साधी संस्था नव्हे. फ्रान्समधले नामी आर्किटेक्ट पिढ्यान्‌पिढ्या तिथून निघालेत.

तिथली शिकवायची पद्धत मुद्दाम सांगतो, कारण पुढं तीच कामाला आली. विद्यार्थ्याला एक विषय द्यायचे. समजा रेल्वे स्टेशन किंवा वाचनालय. त्याला एकट्याला एका खोपटात बसवायचं. ठरलेल्या तासांत त्यानं कच्चा आराखडा काढून द्यायचा. मग पुढचे कित्येक आठवडे त्याच आराखड्यावर काम करून पक्के नकाशे तयार करायचे. मूळ कल्पना बदलायची सोय नाही. पहिल्यांदा जे डोक्यात धरलं, ते शेवटपर्यंत निभवायचं.

दुसरं म्हणजे एकाच इमारतीची तीन चित्रं काढायची. एक वरून बघितल्यासारखं, त्याला प्लॅन म्हणतात. एक समोरून, ते एलिव्हेशन. आणि एक मधोमध सुरीनं कापल्यासारखं, ते सेक्शन. आपलं घरकुल मंजूर होताना ग्रामसेवकाकडं जो कागद जातो, त्यावर हेच असतं. घर अजून उभं नाही, पण कागद बघून ते डोळ्यापुढं उभं करता आलं पाहिजे. हीच खरी तालीम.

पण पिएरच्या वहीच्या कोपऱ्यात खांब-कमानीबरोबर बायकांचे झगेही उमटायला लागले. कॉलेज करता करता तो रॉबेर पिगे नावाच्या कपडेवाल्याला चित्रं काढून विकायचा. चार पैसे सुटायचे. म्हणजे आपल्याकडं पोरं कॉलेज करून सुट्टीत मेडिकलमध्ये बसतात, तसलीच गत.

एक नोकरी आणि एक निर्णय

१९३४ साली तो एडवर्ड मॉलिन्यू यांच्याकडं गेला. हे त्या काळचं पॅरिसमधलं फार मोठं नाव. जातीनं इंग्रज-आयरिश. पहिल्या महायुद्धात कॅप्टन होते, लढाईत एक डोळा गेलेला. त्यांचे कपडे म्हणजे एकदम साधे, स्वच्छ रेषांचे. नक्षीचा भडिमार नाही. कट बरोबर पाहिजे, बाकी काही नको, असा त्यांचा खाक्या.

मॉलिन्यूंनी पिएरला कामावर घेतलं. आणि पिएरनं आर्किटेक्चर सोडलं. वय वीस.

इथं जरा थांबू. आपल्या पोरांना ही गोष्ट सांगताना फक्त कॉलेज सोडलं एवढंच सांगू नका. हातात काम नसताना त्यानं सोडलं नाही. आधी चित्रं विकून बघितली, बाजारात आपली चित्रं कुणी घेतंय का याची खात्री केली. मग पॅरिसमधल्या पहिल्या दर्जाच्या माणसाच्या हाताखाली जागा मिळाली, तेव्हा पाऊल उचललं. आणि तिथंही वर्ष-सहा महिन्यांत मालक व्हायला बघितलं नाही. पाच वर्षं हाताखाली काम केलं. उमेदवारी केली.

लढाईचे दिवस

१९३९ ला दुसरं महायुद्ध सुरू झालं. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडलं, पॅरिसवर जर्मन झेंडा लागला. मॉलिन्यू लंडनला निघून गेले. बाल्मां त्याआधीच लुसिआं लेलाँ यांच्या पेढीत लागले होते. पराभवानंतर काही काळ ते आपल्या मुलखात परतले.

त्याच भागात दोन अमेरिकन बाया राहत होत्या. एक गर्ट्रूड स्टाइन, मोठी लेखिका, आणि दुसरी तिची जोडीदारीण अ‍ॅलिस टोक्लास. दोघी वयस्कर, ज्यू, आणि देशात जर्मनांचा वचक. कोळसा नाही, कापड नाही, थंडी मरणाची. बाल्मांनी त्यांच्यासाठी गरम कपडे शिवले. पॅरिसच्या मोठ्या पेढीचा माणूस, पण त्या दिवसांत थंडी वाजू नये एवढंच काम कपड्याचं होतं. या दोघींनी ती ओळख शेवटपर्यंत ठेवली.

पुढं १९४१ ला बाल्मां पुन्हा लेलाँ यांच्याकडं पॅरिसला आले. हे लेलाँ म्हणजे पॅरिसच्या कपडेवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष. जर्मनांचा बेत असा होता की पॅरिसचा सगळा शिवणधंदा उचलून बर्लिनला न्यायचा. लेलाँ यांनी वाटाघाटी करून तो पॅरिसमध्येच टिकवला. हजारो शिलाई कामगारांची चूल त्यामुळं पेटत राहिली.

लेलाँ यांच्याच पेढीत बाल्मांच्या शेजारी अजून एक माणूस कामाला होता. ख्रिस्तियन डिऑर. डिऑर हे नाव आज मोबाईलवर, अत्तराच्या जाहिरातीत तुम्ही बघितलं असंल. गंमत बघा, या डिऑरलाही तरुणपणी आर्किटेक्टच व्हायचं होतं, पण घरच्यांनी होऊ दिलं नाही. एका खोलीत दोघे, दोघांच्याही डोक्यात इमारती.

स्वतःची पेढी

लढाई संपली आणि १९४५ साली बाल्मांनी पॅरिसमध्ये फ्रान्स्वा प्रमिए रस्त्यावर ४४ नंबरला स्वतःची पेढी टाकली. वय ३१. पहिलं प्रदर्शन त्याच वर्षी शरद ऋतूत झालं. गर्ट्रूड स्टाइन आणि अ‍ॅलिस टोक्लास आवर्जून हजर. स्टाइनबाईंनी व्होग या नावाजलेल्या मासिकात त्यावर लेख लिहिला. लढाईत शिवलेल्या गरम कोटाची अशी परतफेड झाली.

त्या प्रदर्शनात काय होतं? लढाईच्या काळात कापड मोजून मिळायचं, म्हणून बायकांचे कपडे आखूड, चौकोनी खांद्यांचे, जरा फौजी वळणाचे झाले होते. बाल्मांनी त्यातून बाहेर पडून बारीक कंबर आणि खाली घंटेसारखा लांब घेर, अशी ठेवण दाखवली. पुढं १९४७ ला डिऑर यांनी हीच ठेवण मोठ्या प्रमाणात आणली आणि ती न्यू लुक या नावानं जगभर गाजली. नाव डिऑरचं जास्त झालं, पण दोन वर्षं आधी ती वाट बाल्मांच्या दुकानात दिसली होती.

मग अत्तरं आली. १९४६ च्या पहिल्या अत्तराला त्यांनी नाव काय द्यावं? आपल्या पेढीचा टेलिफोन नंबर! इलिझे ६४-८३. जाहिरातीची जाहिरात, नंबरही पाठ. १९४७ ला व्हॅं व्हेर आलं. त्याचा अर्थ हिरवा वारा. ते बनवलं जेर्मेन सेलिए या बाईंनी. कापलेल्या गवतासारखा हिरवा वास त्याला होता. पहिल्या पावसानंतर बांधावरचं गवत कापताना जो वास सुटतो, तो आपल्याला फुकट मिळतो. पॅरिसमध्ये लोक त्याचे पैसे मोजत होते.

१९५१ पासून अमेरिकेतही त्यांनी शाखा काढून तयार कपडे विकायला सुरवात केली. माणूस कलाकार होता, पण हिशेबाला कच्चा नव्हता. आईचं दुकान बघितलेलं होतं.

घर आणि कपडा, सारखं काय?

आता मूळ मुद्दा. बाल्मां आयुष्यभर सांगत राहिले, की कपडा शिवणं म्हणजे वास्तुशास्त्रच आहे, फक्त ही इमारत हलती-चालती असते. कपड्यात सगळ्यात महत्त्वाची त्याची बांधणी, बाकी शोभा नंतर. हे नुसतं बोलायला नव्हतं. आपल्या भाषेत फोड करून सांगतो.

पहिली गोष्ट, वजन कुठं येतं. घराचं वजन स्लॅबवरून बीमवर, बीमवरून कॉलमवर, कॉलमवरून पायावर जातं. पाया कच्चा तर भिंतीला तडा. कपड्याचंही तसंच आहे. शर्टाचं वजन खांद्यावर, परकराचं कमरेवर. आता बाल्मांचे संध्याकाळचे भारी झगे बघा. कित्येक मीटर रेशीम, त्यावर जरीकाम, मणी. आणि वर खांद्याला पट्टीच नाही! मग ते पडत कसं नाही? तर आतून अंगाला घट्ट बसणारी एक चोळी असते, तिच्यात बारीक पट्ट्या उभ्या घातलेल्या असतात. त्या म्हणजे कॉलम. वजन सगळं कमरेवर उतरतं. वरून बघणाऱ्याला फक्त रेशीम दिसतं. स्लॅबमधलं लोखंड कुठं कुणाला दिसतं?

दुसरी गोष्ट, ओळंबा आणि गुण्या. गवंडी भिंत चढवताना ओळंबा सोडतो, कोपरा गुण्यात आहे का बघतो. कापडालाही ओळंबा असतो. उभा धागा सरळ खाली पडतो, ताणत नाही. आडवा धागा थोडा सैल. आणि कापड तिरकं धरलं, म्हणजे टेलर ज्याला उरेब म्हणतात तसं, की ते ताणतं आणि अंगावर पाण्यासारखं ओघळतं. कुठं उभं लावायचं, कुठं उरेब, हे बेतण्याआधी ठरवावं लागतं. चुकलं की धुतल्यावर कपडा एका बाजूला जातो. आपल्या किती बायांच्या ब्लाऊजचा गळा असा एकीकडं पळतो, त्याचं कारण पुष्कळदा हेच.

तिसरी गोष्ट, सपाटाचं गोल करणं. कागद सपाट, घर उभं. कापड सपाट, माणूस गोल. छातीवर कापड बसवायला टक्स घालावे लागतात, मुंढ्याला गोलाई द्यावी लागते, घेराला कळ्या लावाव्या लागतात. हे करताना पाठीमागं काय होणार, बाजूनं काय दिसणार, हे एकाच वेळी डोक्यात पाहिजे. प्लॅन, एलिव्हेशन, सेक्शन काढून काढून ज्याचा डोळा तयार झालाय, त्याला हे लवकर जमतं. आमच्या भावकीतल्या पोराला टेबलावरच्या कापडात अंगावरचा कपडा दिसतो म्हणाला होता, ते हेच.

चौथी गोष्ट, आधी कच्चं मग पक्कं. आर्किटेक्ट पुठ्ठ्याचं छोटं घर करून बघतो. पॅरिसचे कपडेवाले भारी रेशमाला कात्री लावायच्या आधी तोच कपडा स्वस्त सुती कापडात शिवून बघतात. आपल्याकडचं मांजरपाट समजा. कच्चे टाके घालायचे, बाईच्या अंगावर चढवायचं, टाचण्या लावायच्या, उसवायचं, पुन्हा शिवायचं. मांजरपाटात चूक झाली तर थोडक्यात निभावतं. रेशमात झाली तर दुकान बसलं.

आणि पाचवी, पहिल्या आराखड्यावर टिकणं. बाल्मां दरवर्षी नवीन खुळाच्या मागं धावले नाहीत. बारीक कंबर, स्वच्छ रेषा, नक्षी पाहिजे तिथंच. ही ठेवण त्यांनी आयुष्यभर धरली. १९५० च्या दशकात त्यांच्या कपड्यांना आणि एका अत्तरालाही झोली मादाम, म्हणजे देखणी बाई, हे नाव पडलं ते यामुळंच. पुढं १९६० नंतर आखूड कपड्यांची, प्लास्टिक-पत्र्याच्या कपड्यांची लाट आली तेव्हा काही जण त्यांना जुनाट म्हणायला लागले. तोटाही सोसला असंल. पण घर सारखं पाडून बांधत नसतात, असा त्यांचा हिशेब.

थायलंडची राणी, सिंगापूरचं विमान

१९६० साली थायलंडचे राजा भूमिबोल आणि राणी सिरिकित अमेरिका आणि युरोपच्या लांब दौऱ्यावर निघाले. राणीनं कपड्यांसाठी बाल्मांना बोलावलं. तिकडं थंडी, नाना प्रकारचे समारंभ, आणि एका आशियाई देशाची इभ्रत. बाल्मांनी दौऱ्याचे कपडे केले. भरतकाम पॅरिसच्या लसाज या नामी कारखान्यात झालं. हे काम एका दौऱ्यावर थांबलं नाही. पुढं बाल्मां जिवंत असेपर्यंत, वीसेक वर्षं, ते राणीसाठी कपडे करत राहिले.

यात आपल्यासारख्यांनी ध्यानात घ्यावी अशी गोष्ट म्हणजे कापड. राणीनं थायलंडच्या खेड्यांतल्या बायका हातमागावर विणत असलेलं रेशीम उचलून धरलं. मडमी नावाचा एक प्रकार तिथं असतो. त्यात विणायच्या आधीच धागा जागोजागी बांधून रंगवतात, आपल्याकडच्या पटोल्यासारखं. खेड्यातलं ते रेशीम पॅरिसच्या बेतानं शिवलं जाऊन राणीच्या अंगावर जगानं बघितलं. १९७६ ला राणीनं खेड्यातल्या कारागिरांसाठी संस्थाही काढली. आपल्याकडं पैठणी आहे, हातमागाची खण आहे, घोंगडी आहे. चांगलं बेतणारा हात मिळाला तर यातलं काय काय कुठं जाईल, याचा विचार बचत गटांनी करायला हरकत नाही.

दुसरं काम तुम्ही बहुतेक बघितलंय, पण कुणाचं ते माहीत नसंल. सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानातल्या ताईंचा वेश. फुलाफुलांच्या बाटिक कापडाचा, अंगाला नेटका बसणारा झगा आणि खाली लुंगीसारखा सारोंग. त्याला सारोंग केबाया म्हणतात. मलेशिया-सिंगापूर भागातल्या बायकांचा तो पारंपरिक पोशाख. १९६८ साली मलेशिया-सिंगापूर एअरलाइन्सनं बाल्मांना विमानाचा वेश करायला सांगितला, तेव्हा या फ्रेंच माणसानं आपल्या देशाचा कोट-स्कर्ट त्यांच्यावर लादला नाही. तिथलाच पोशाख घेतला, गळ्याची गोलाई आणि अंगाची बैठक नीट केली. १९७२ ला कंपनीच्या दोन कंपन्या झाल्या, सिंगापूरवाल्यांनी हा वेश ठेवला. आजही तोच आहे. निळा, हिरवा, लाल, जांभळा, असे चार रंग, आणि रंगावरून कुणाचा हुद्दा काय ते कळतं.

आता बघा, कापड तिथलं, रीत तिथली, बांधणी मात्र पॅरिसच्या कॉलेजात डोळा तयार झालेल्या माणसाची. विमानात त्या ताई वाकतात, हात वर करून सामान ठेवतात, तासन्‌तास उभ्या असतात. कपडा फाटला नाही पाहिजे, सरकला नाही पाहिजे, आणि दिसला पाहिजे नेटका. हलती-चालती इमारत म्हणतात ती हीच. पन्नास वर्षांहून जास्त झाली, अजून उभी आहे.

पारख आणि शेवट

बाल्मांना माणसाची पारखही होती. १९५४ साली लोकरीच्या कपड्यांची एक मोठी स्पर्धा झाली. परीक्षकांत बाल्मां होते. कोटाचं बक्षीस एका अनोळखी जर्मन तरुणाला मिळालं. बाल्मांनी त्याला आपल्याकडं कामाला घेतलं. त्याचं नाव कार्ल लागरफेल्ड. पुढं तो शनेल या पेढीचा प्रमुख झाला आणि जगात गाजला. मॉलिन्यूंनी एकदा वीस वर्षांच्या पोराला आत घेतलं होतं, त्याची ही फेड म्हणायची.

१९८२ च्या उन्हाळ्यात बाल्मां आजारी होते. लिव्हरचा कॅन्सर. तरी येणाऱ्या हंगामाच्या कपड्यांची चित्रं त्यांनी पुरी केली. आणि २९ जूनला प्राण सोडला. वय ६८. पेढी त्यांचे जुने सहकारी, डेन्मार्कचे एरिक मॉर्टेनसेन यांनी पुढं चालवली. पेढी आजही चालू आहे.

इमारतीतून कपड्यात आलेले बाल्मां एकटे नाहीत. इटलीचे जियानफ्रांको फेरे यांनी १९६९ ला मिलानमध्ये आर्किटेक्चरची पदवी पुरी घेतली आणि मग कपड्यात आले. लोक त्यांना फॅशनचा आर्किटेक्टच म्हणायचे. १९७० च्या दशकात ते कामासाठी आपल्या भारतात येऊन राहिले होते. आपली साडी, न शिवलेलं सरळ कापड नुसतं गुंडाळून, निऱ्या घालून कसं उभं राहतं, याचा त्यांच्यावर मोठा ठसा उमटला. पुढं १९८९ ला डिऑरच्या पेढीचे ते प्रमुख झाले. म्हणजे बघा, साडी ही आपल्याला रोजची वाटते, पण बांधणीचं डोकं असलेल्या माणसाला त्यात अख्खं शास्त्र दिसलं. एकही टाका नाही, एकही खिळा नाही, आणि बाई त्यात भात लावते, विहिरीचं पाणी शेंदते, लग्नातही मिरवते.

मग शिक्षण वाया गेलं का?

या गोष्टीचा अर्थ असा काढू नका की कॉलेज सोडलं की माणूस मोठा होतो. फेरे यांनी पुरं केलं, बाल्मांनी अर्ध्यात सोडलं, दोघांनाही उपयोग झाला. सोडलेल्या दहा पोरांतली नऊ नुसतीच फिरतात हे मीही बघतो. मी स्वतः बारावीनंतर रानात आलो, मला विचाराल तर शिकता येतंय तोवर शिकावं. पण शिकलेलं वाया जात नाही, एवढं मात्र बाल्मांच्या आयुष्यावरून कळतं. दोन वर्षं हातानं काढलेल्या रेघा हातातच राहतात. त्या सिमेंटमध्ये उतरतात का कापडात, हा नंतरचा भाग. अट एकच, जिथं जाल तिथं उमेदवारी करायची तयारी पाहिजे.

भावकीतल्या त्या पोराचं आता बरं चाललंय. गावातल्या पोरींचे शाळेचे ड्रेस त्याच्याकडं येतात. तो माप घेऊन आधी वहीत समोरून, पाठीमागून, बाजूनं असं चित्र काढतो अन् मगच कात्री धरतो. उस्ताद म्हणतात, कापड कमी वाया जातंय.

बाप अजून त्याच्याशी फार बोलत नाही. पण मागच्या आठवड्यात बाजाराला निघालो तर मला हाक मारली. पिशवीतून कापड काढलं, पांढरं, पायजम्याचं. पोराकडं पोचव म्हणाला, आणि माप त्याच्याकडं आहे एवढंच सांगून रानात गेला. मी पोचवलं.

— तालुका प्रतिनिधी